नववीतला मुलगा: वयाचं किती, घरचं किती?

रोठासुपारी

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे पाककृती आणि बागकामाचे धागे वाचते, लिहीत कधी नाही. आज जरा वेगळं विचारायचंय.

आम्ही श्रीवर्धनकडचे. नारळी-पोफळीची वाडी, त्यावरच घर. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात वाडी आडवी झाली. पोफळ नव्याने लावली की धरायला सहा-सात वर्षं जातात, इथल्या बऱ्याच जणांना सांगायला नको. मधल्या काळात कर्ज झालं, मिस्टर मुंबईला नोकरी धरून राहिले, महिन्या-दीड महिन्याने येतात. घरी सासूबाई, मी, नववीतला मुलगा, पाचवीतली मुलगी.

मुलगा लहानपणी इतका बडबड्या की शाळेतल्या बाई वैतागायच्या. आता शाळेतून आला की दप्तर टाकून माडीवर. काही विचारलं की "काय नाय". बहिणीवर खेकसतो. परवा सासूबाई कौतुकाने "मिसरूड फुटलं हो आमच्या बाबूला" म्हणाल्या, तर ताट सारून उठला. मार्क पडलेले नाहीत, शाळेतून तक्रार नाही.

आमच्या घरात आरडाओरडा कधी नव्हता, आजही नाही. पण मिस्टर आले आणि पैशाचा विषय निघाला की आम्ही दोघंही गप्प होतो, आणि मग ते गप्प राहणं दोन-दोन दिवस चालतं. "बाबांना विचार, चहा टाकू का", "आईला सांग, मी बाजारात जातोय", असं मुलाकरवी.

शेजारीण म्हणते वय आहे, दोन वर्षांत ताळ्यावर येईल. माझी बहीण म्हणते घरातलं वातावरण बघ आधी. तर प्रश्न असा: यात वयाचं किती आणि घरचं किती? आणि ते ओळखायचं कसं?

टपोरी_बांगडा

नववीतला मुलगा "काय नाय" असे चक्क दोन शब्द बोलतो? आमच्याकडे हुंकारावर भागवतात.

कातळसडा

ताई, शंभर टक्के मोबाईल. काढून घ्या, आठ दिवसांत बोलायला लागेल. वातावरण-बितावरण काही नसतं. आमच्या वेळी बाप पुढच्या दाराने आला की आम्ही मागच्या दाराने पसार. चुकलं की निगडीचा फोक. कोणाचा भावनिक विकास कोणी मोजत बसलं नव्हतं आणि कोणाचं काही अडलंही नाही.

मागीलदार

@कातळसडा, कोणाचं अडलं नाही हे तुम्हाला कोणी सांगितलं? आपल्या वाडीतले संध्याकाळी सहानंतर सरळ चालू न शकणारे काका मोजा एकदा. त्यांनाही लहानपणी फोकच मिळालेला.

टपोरी_बांगडा

सहानंतर? तुमची वाडी फारच शिस्तीची.

निवृत्त_हजेरीपट

मी देवगड तालुक्यात माध्यमिक शाळेवर होतो. बहुतेक मुलं आंबा बागायतदारांच्या किंवा बागेत राबणाऱ्यांच्या घरची. फेब्रुवारीत अवकाळी पाऊस झाला, मोहोर काळा पडला, की वर्गाचा नूर बदलायचा. गोंगाट करणारी मुलं गप्प व्हायची आणि गप्प असणारी कुणाच्या तरी अंगावर धावून जायची.

एक मुलगी सांगतो. आठवीत होती, हुशार. मार्चमध्ये तिची गृहपाठाची वही तपासताना मागचं पान उघडलं गेलं. त्यावर हिशेब होता. पेट्या किती निघाल्या, वाशीला भाव काय लागला, फवारणीचे किती, गुरख्याचे किती, दलालाची उचल किती. खाली वजाबाकी, आणि उत्तर वजामध्ये. ते उत्तर तिने दोनदा खोडून पुन्हा केलं होतं, काही चुकलंय का बघायला. हिशेब तिला कोणी सांगितला नव्हता. वडील रात्री आईशी बोलायचे, पलीकडच्या खोलीत हिला ऐकू यायचं, शाळेत येऊन ही मांडायची. मी विचारलं तर म्हणाली, "सर, पुढच्या वर्षी सहलीला माझं नाव धरू नका." सहल तोवर ठरलीही नव्हती.

तिच्या आईवडिलांना मी भेटलो. भली माणसं. त्यांची खात्री होती की "पोरीला यातलं काही माहीत नाही, आम्ही तिच्यासमोर बोलतच नाही."

त्यात आपला कोकण विभाग दहावीच्या निकालात दर वर्षी राज्यात पहिला. पेपरात बातमी, गावात फ्लेक्स. अभिमान मलाही आहे. पण ज्या घरात बाग गेली त्या घरात "आता सगळं तुझ्यावर" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की निकालाच्या बातम्या वाचताना मला ती मुलं आधी आठवतात.

रोठासुपारी

सर, "आम्ही तिच्यासमोर बोलतच नाही" हे वाचून थांबले जरा.

ओपीडी_नंतर

रत्नागिरीत मानसोपचार करते. उशिरा लिहितेय, धागा सकाळीच बघितला होता.

वयाचं किती, घरचं किती, याचं टक्केवारीत उत्तर देता येत नाही, कारण दोन्ही एकमेकांत मिसळूनच काम करतं. तरी थोडं वेगळं करून सांगते.

वयाचं म्हणाल तर या वयात मेंदूतला भीती, राग, अपमान यांना लगेच उसळणारा भाग जोरात असतो, आणि कपाळामागचा, थांबून विचार करणारा भाग विशीच्या मध्यापर्यंत तयार होत राहतो. त्यामुळे आजीच्या कौतुकावर ताट सारणं यात मला विशेष काही वाटत नाही. चौदा वर्षांच्या मुलाला सगळ्यांसमोर त्याच्या शरीराबद्दल बोललेलं चालत नाही. माडीवर जाणंही वयाचंच. झोपेचं घड्याळसुद्धा या वयात पुढे सरकतं, रात्री लवकर झोप येत नाही, सकाळी उठवत नाही. घरचे त्याला आळस म्हणतात.

आता घरचं. अमेरिकेत आयोवा राज्यात १९८० च्या दशकात शेतीवर मोठं संकट आलं, जमिनींच्या किमती कोसळल्या, कर्जापायी शेतं गेली. रँड काँगर, ग्लेन एल्डर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ पासून तिथल्या सातवीतली मुलं असलेल्या ४५१ कुटुंबांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. त्यांना दिसलं ते असं की पैशाची तंगी मुलांपर्यंत बरीचशी आईवडिलांमार्फत पोचते. तंगीने आईवडील खचतात किंवा चिडचिडे होतात, मग एकमेकांशी बिनसतं, मग मुलाशी वागण्यात सातत्य राहत नाही, आज ओरडायचं, उद्या दुर्लक्ष. मुलाच्या उदासीचा किंवा आक्रमकपणाचा धागा तिथे लागतो. याचा दुसरा अर्थही घ्या: तंगी तेवढीच असली आणि नवरा-बायको एकमेकांना धरून असले, तर मुलांना बसणारा चटका कमी होतो.

तुम्ही भांडत नाही म्हणता, पण अबोला मुलांना भांडणासारखाच कळतो. मार्क कमिंग्ज या मानसशास्त्रज्ञाने आईवडिलांच्या भांडणांवर बरंच काम केलंय. भांडण झालं आणि ते मिटलेलं मुलांनी पाहिलं, तर मुलं पुष्कळ सावरतात. त्रास होतो तो न मिटलेल्याचा. आणि अबोल्यात मिटलं कधी हेच मुलाला कळत नाही, म्हणून ते सतत कानोसा घेत राहतं.

कातळसडा

आयोवा कुठे नि श्रीवर्धन कुठे. त्यांचा मका, आमची पोफळ.

मागीलदार

कर्ज मात्र दोन्हीकडे बँकेचंच.

थोरली

इथे पहिल्यांदा लिहितेय. @रोठासुपारी, तुमच्या मुलाची नाही, माझी गोष्ट सांगते, कारण माझ्याबद्दल कोणी असा धागा काढलाच नसता.

मी खेडकडची. अब्बा कुवेतला. वर्षातून एकदा, कधी दोन वर्षांनी यायचे. अम्मी, दादी आणि आम्ही तीन भावंडं, मी मोठी. तेराव्या वर्षापासून अम्मी सगळं माझ्याशी बोलायची. दादीशी काय झालं, चाचांनी वाट्याच्या जमिनीत काय केलं, अब्बांनी या महिन्यात कमी का पाठवले. "माझी मुलगी म्हणजे माझी मैत्रीण" असं पाहुण्यांना सांगायची आणि मला फार भारी वाटायचं.

दर शुक्रवारी अब्बांचा फोन. मी बोलायचे आणि अम्मी समोर उभी राहून हाताने खुणा करायची. दादीच्या दुखण्याचं सांगू नकोस. भावाच्या मार्कांचं सांगू नकोस. छपराचं सांग. माझा आवाज आनंदी आणि डोळे अम्मीच्या हातांवर. आजही फोनवर बोलताना मी समोर कोणी आहे का बघते.

मी नापास झाले नाही, उलटून बोलले नाही, दार आपटलं नाही. सगळे म्हणायचे किती समंजस मुलगी. अठरा वर्षांची झाल्यावर हॉस्टेलला गेले आणि तिथे पहिल्या सत्रात मला रात्रभर झोपच यायची नाही. अम्मी घरी एकटी काय करत असेल, भाऊ काय करतोय, दादी बोलली तर नसेल ना. रूममेटने किल्ली टेबलावर जरा जोरात ठेवली तरी मी विचार करायचे, माझं काही चुकलं का.

अम्मीवर माझा राग नाही. तिला तरी दुसरं कोण होतं? पण खेकसणारा मुलगा निदान दिसतो तरी.

ओपीडी_नंतर

@थोरली, लिहिलंत ते बरं केलंत. माझ्याकडे आणली जाणारी मुलं बहुतेक करून आदळआपट करणारी असतात. मुली सरासरीने आत दाबतात, मुलगे बाहेर काढतात. म्हणून मुली उशिरा येतात, कधी कधी पोटदुखी-डोकेदुखीच्या सगळ्या तपासण्या झाल्यावर.

@रोठासुपारी, पाचवीतल्या मुलीकडेही लक्ष असू द्या. तिच्याबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत.

भावकी_पीडित

माझी पण गजाल आयका. आमच्या घराचे दोन वाटे झाले तेवा मी आठवीत होतंय. चुलते आनि बापूस बोलनत नाय, मधी चिऱ्याची गडग, कोर्टात केस. माझो चुलतभाव माझ्याच वर्गात, माझ्याच बाकावर. घराकडना ताकीद, "तेच्याशी बोललंस तर तंगडी मोडीन."

बाकीचं सगळ्यांना कळेल असं लिहितो. आम्ही दोघं शाळेत बोलायचो आणि गावची वेस आली की वीस पावलांचं अंतर ठेवून चालायचो. सड्यावर क्रिकेट खेळताना दोन वेगळ्या टीमांत, म्हणजे कोणी बघितलं तरी "विरुद्ध टीम" म्हणता यायचं. घरी खोटं बोलण्यात मी इतका तयार झालो की पुढे कारण नसतानाही खोटं बोलायला लागलो. बायको अजून म्हणते, तू कुठे होतास हे सरळ सांगायला तुला काय होतं?

केस अजून चालू आहे. चुलते गेले, बापूस ऐंशीच्या घरात. आम्ही दोघं भाऊ एकत्र दारू पितो.

टपोरी_बांगडा

गणपती कोणाकडे?

भावकी_पीडित

मूळ घरात, पाळी लावून. पण आमच्या पाळीला ते येत नाहीत आणि त्यांच्या पाळीला आम्ही दारातून नमस्कार करून मागे.

हर्णैची_पोर

आमच्यात एकाच गणपतीसमोर दोन आरत्या होतात. पहिली संपली की ते बाहेर, मग दुसरी. प्रसादही वेगळा. बाप्पाला दोनदा जेवावं लागतं.

बरं, तणावाचं चाललंय तर आमच्या कोळीवाड्याचं सांगते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. दहा महिने ज्या घरात बाप समुद्रावर, त्या घरात दोन महिने बाप चोवीस तास. पैसा आत येत नाही, जाळी शिवायची, इंजिनाचं काम काढायचं, आणि मधल्या वेळात पोरांना शिस्त लावायची. "हा डबा इथे का?" "ही आत्ता कुठे निघाली?" मी बारावीत असताना नारळी पौर्णिमेची वाट सर्वात जास्त कोण बघत असेल तर आई.

मागीलदार

🤣 हे अगदी खरं. आमचे मर्चंट नेव्हीवाले मामा सुट्टीवर आले की मामी पहिल्या आठवड्यात सोन्याने न्हायलेली आणि चौथ्या आठवड्यात "तुमचं जॉइनिंग कधी?"

निवृत्त_हजेरीपट

हर्णैच्या ताईंनी हसत लिहिलंय, पण शाळेत जूनचे पहिले आठवडे मला तसेच जायचे. घरात नसलेल्या बापाची सवय झालेली असते, मग तो येतो तेव्हा कोणाचं ऐकायचं हेच मुलांना कळत नाही.

शेवटची_एसटी

मी त्या बापाच्या जागेवर आहे, म्हणून लिहितो. नालासोपाऱ्याला खोली, गाव गुहागर तालुक्यात. महिन्यातून एकदा शनिवारी पहाटे उतरतो, रविवारी रात्री परत.

घरात पाय ठेवला की यादी तयार असते. पंप बिघडलाय. पतपेढीचा माणूस येऊन गेला. आईचा गुडघा. आणि यादीच्या शेवटी मुलगा. "तुम्हीच काय ते बोला त्याच्याशी." मी महिनाभर त्याला पाहिलेलं नसतं. काय आवडतं, कोण मित्र, काही माहीत नाही. आणि पहिलं वाक्य बोलायचं ते दरडावून. तो पण समोर उभा राहतो खाली मान घालून, बोलणं कधी संपतंय याची वाट बघत. दोघांनाही नको असतं.

"बाबा आले की सांगते" हे वाक्य महिनाभर घरात फिरत असतं. म्हणजे मी घरी नसतानाही हवालदार म्हणून मी असतोच.

रोठासुपारी

@शेवटची_एसटी, हे वाक्य आमच्याकडे सासूबाईंचं. मिस्टरांना हा धागा पाठवलाय. अजून निळ्या खुणा आलेल्या नाहीत.

वाशिष्ठीकाठ

मी वीस वर्षांचा आहे, पुण्यात इंजिनिअरिंगला. २२ जुलै २०२१ ला चिपळूणला पूर आला तेव्हा नववीतून दहावीत गेलेलो. आमचं दुकान बाजारपेठेत. पाणी ओसरल्यावर दुकानातून गाळ आणि भिजलेला माल काढायलाच आठवडे गेले.

बाबा भांडले नाहीत, ओरडले नाहीत. फक्त बोलायचे बंद झाले. रात्री उठून गॅलरीत उभे. आई मला पाठवायची, "बाबांना सांग झोपायला या." मी जाऊन सांगायचो. ते "येतो" म्हणायचे. मी येऊन आईला सांगायचो "येतायत." ते यायचे नाहीत. हे असं बरेच महिने. निरोप पोचवताना मी शब्द बदलायचो. आई वैतागून म्हणाली असेल "विचार त्यांना, घर चालवायचंय की नाही", तर मी "बाबा, आई विचारतेय उद्याची भाजी आणायची का" असं करून सांगायचो. चौदा-पंधराव्या वर्षी हेच माझं मुख्य काम होतं, दहावी त्यानंतर.

आणि मला आकडा माहीत नव्हता. नुकसान किती, कर्ज किती, कोणी सांगेना. मग मी मनातच एक आकडा धरला. पुढे बाबांनी खरा सांगितला तेव्हा कळलं की माझा त्याच्या तिप्पट होता. दीड वर्ष मी त्या तिप्पट आकड्याखाली झोपत होतो.

सावरलो कसा? आत्या. ती खेर्डीला राहते. दर रविवारी मला न्यायला यायची. पुराचं, दुकानाचं, अभ्यासाचं काही विचारायची नाही. घावणे घालायची आणि मी खाईन तितके घालत राहायची. एकदा मी तिच्या ओट्याजवळ उभा राहून रडलो तर तिने गॅस बारीक केला आणि म्हणाली, "रड, मी आहे. हा करपेल तेवढा काढते."

मागीलदार

आत्याला माझा नमस्कार सांग रे.

ओपीडी_नंतर

@वाशिष्ठीकाठ, तुझ्या आत्याला शास्त्राचाही आधार आहे. हवाई बेटांपैकी काउआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि रुथ स्मिथ यांनी चाळिशीपर्यंत मागोवा घेतला. त्यातली बरीच मुलं गरिबी, घरातले सततचे वाद, आईवडिलांची व्यसनं किंवा आजार अशा एकाहून जास्त अडचणींत वाढलेली. त्यांपैकी साधारण एक तृतीयांश तरीही व्यवस्थित उभी राहिली. त्यांच्यात जे साम्य सापडलं त्यात एक ठळक गोष्ट अशी की प्रत्येकाला भरवशाचं किमान एक मोठं माणूस होतं, आणि ते आई किंवा वडीलच होते असं नाही. आजी, मावशी, शिक्षक, शेजारी, कोणीही. आपल्याकडे ही माणसं अजून वाडीत आहेत, ही मोठी जमेची बाजू.

आईवडिलांना झोडपायला हे सगळं वापरू नये हेही सांगते. परिणाम उलटाही होतो. मूळचंच तापट किंवा हळवं मूल असलं की आईवडिलांचा संयम लवकर संपतो, मग घरात ताण वाढतो. आणि एकाच घरात एक मूल कोमेजतं, दुसऱ्याला फारसं जाणवतही नाही.

कातळसडा

मला एक सांगा, मुलांना सगळं सांगायचं म्हणजे काय? आमच्या बंदरावर दोन पोरं आहेत, घरच्या कर्जाचा आकडा कळला आणि दहावी सोडून खलाशी म्हणून बोटीवर गेली. आईबापाने लपवलं असतं तर निदान बारावी झाली असती. तुम्ही शिकलेली माणसं "मोकळेपणाने बोला" म्हणून मोकळी होता.

निवृत्त_हजेरीपट

@कातळसडा, या वेळी तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे. मीही अशी मुलं पाहिलीत. पण त्यांना नुसता आकडा कळलेला असतो, तोही असाच कुठूनतरी, पतपेढीचा माणूस दारात ओरडून गेला म्हणून. पुढे काय करायचं ठरलंय आणि त्यात तुझं काम काय नाही, हे कोणी सांगितलेलं नसतं.

वाशिष्ठीकाठ

+१ सर. मला कोणी "हे आमचं आम्ही बघतो, तू दहावी बघ" एवढं आकड्यासकट म्हटलं असतं तर चाललं असतं. आकडा न सांगता म्हटलं की ते खोटं वाटतं.

कातळसडा

पटलं असं म्हणत नाही. विचार करतो.

टपोरी_बांगडा

स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

रोठासुपारी

डॉक्टर, तुम्ही कुठे गेलात? मूळ प्रश्नाचा दुसरा भाग राहिला. ओळखायचं कसं? "वय आहे" म्हणून कुठवर थांबायचं?

ओपीडी_नंतर

आहे, ओपीडी होती.

माडीवर जातो, पण मित्र आले की खाली येतो का? पूर्वी आवडायचं त्यातलं एखादं तरी अजून आवडतं का, पोहणं, क्रिकेट, भजनाला जाणं, काहीही? जेवण-झोप साधारण जागेवर आहे का? असेल तर वयाला वेळ द्या आणि घरातला ताण कमी करण्याच्या मागे लागा. मात्र दोन आठवड्यांहून जास्त काळ सतत उदास, मित्रही नकोसे, खाणं-झोप बिघडलेली, मार्क एकदम कोसळले, नशा, स्वतःला इजा, किंवा "मी नसतो तर बरं झालं असतं" या जातीचं काही बोलणं, यातलं काही दिसलं तर वय म्हणून सोडून देऊ नका. शेवटच्या दोन गोष्टींना तर एक दिवसही थांबू नका. आणि मुलाला थेट विचारा, विचारल्याने डोक्यात नसलेलं येत नाही.

१४४१६ ही टेलिमानस हेल्पलाइन फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. सरकारी दवाखान्यात १० ते १९ वयासाठी मैत्री क्लिनिक असतं, २०१४ च्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाखाली. तालुक्याच्या रुग्णालयात चौकशी करा. सगळीकडे सारखं चालतं असं मी म्हणणार नाही, काही ठिकाणचे समुपदेशक मात्र खरंच चांगले आहेत.

रोठासुपारी

मित्र आले की खाली येतो. पोहायला जातो. खातो तर चार भाकऱ्या. मग जरा जीव भांड्यात पडला.

रोठासुपारी

(पुढचं इथेच लिहिते, नवा धागा काढत नाही.)

मिस्टर शनिवारी आले. धागा त्यांनी बसमध्ये वाचला होता, माणगावपासून घरापर्यंत. आल्या आल्या काही बोलले नाहीत, मला वाटलं झालं, आता दोन दिवस तेच. रात्री जेवणं झाल्यावर बँकेचं पासबुक आणि कर्जाचे कागद घेऊन पडवीत बसले आणि मुलाला हाक मारली. मलाही. किती घेतलं, किती फिटलं, हप्ता किती, नवी पोफळ धरायला लागली की काय होईल, सगळं सांगितलं. शेवटी "यात तू काही करायचं नाहीस" असंही म्हणाले, जरा पाठ केल्यासारखं.

मला वाटलं होतं मुलगा मोकळा होईल. तो भडकला. म्हणाला, "मग मी दोन वर्षं सायकल मागितली नाही ती उगाचच?" आणि गेला माडीवर. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत बसलो. मग मिस्टर म्हणाले, "सायकल केवढ्याला येते गं?" आणि त्यावरून आमचं चांगलंच वाजलं, कारण मी म्हटलं या महिन्यात नाही, ते म्हणाले घेऊ. बऱ्याच दिवसांनी आवाज चढवून भांडलो. सासूबाई उठून आल्या. मुलगा जिन्यात उभा राहून ऐकत होता, मग म्हणाला, "दिवाळीला घ्या. आता झोपा."

बाकी आहे तसंच आहे. "काय नाय" चालूच. चहाचं मात्र मी आता मिस्टरांना स्वतः विचारते.

एक शंका: धाकटीलाही आकडे सांगायचे का? ती तेव्हा झोपलेली होती असं आम्हाला वाटलं, सकाळी तिने विचारलं, "दादाला सायकल आणि मला?"

थोरली

तिला आकडे नकोत. पण तिच्यासमोर बसून काहीतरी सांगा, दादाला सांगितलं आणि मला नाही हे ती धरून ठेवेल.

ओपीडी_नंतर

सहमत. दहा वर्षांच्या मुलीला "वादळात वाडी गेली, म्हणून बाबा मुंबईला असतात, पैसे जपून वापरतोय, आपण ठीक आहोत" इतकं पुरे. प्रश्न विचारेल तेवढ्याचंच उत्तर द्या.

आणि भांडण मिटलेलं त्याने जिन्यातून ऐकलं, हे या सगळ्यात मला सर्वात आवडलं.

शेवटची_एसटी

या शनिवारी मी यादी रविवारवर ढकलणार आहे. पहिला दिवस पोराबरोबर गळ टाकायला खाडीवर. बायकोला अजून सांगितलेलं नाही.

हर्णैची_पोर

सांगा हो आधी. नाहीतर पंपाचं भांडण खाडीवर येईल.

कातळसडा

एवढी चर्चा झाली, मोबाईलबद्दल शेवटपर्यंत कोणी बोललं नाही.

ओपीडी_नंतर

बोलते. रात्री दहानंतर घरातले सगळे मोबाईल स्वयंपाकघरात चार्जिंगला. मुलाचा, आईचा, बापाचा, सगळ्यांचे. झोप सुधारते, झोप सुधारली की चिडचिड उतरते.

कातळसडा

बापाचा पण? मग रात्री इथे प्रतिसाद कोण देणार?